ओव्हीएनमध्ये पॅकेट हरवलं: ट्रेस चालवायचा की पॅकेट पकडायचं?

ओपनस्टॅक या क्लाउड प्रणालीवरचा एक व्हीएम (आभासी मशीन) दुसऱ्या नेटवर्कमधल्या व्हीएमच्या ५४३२ पोर्टपर्यंत, म्हणजे तिथल्या डेटाबेसपर्यंत, पोहोचत नाही. मधलं आभासी नेटवर्क ओव्हीएन उभारतं आणि प्रत्येक होस्टवर ते ओव्हीएस या सॉफ्टवेअर स्विचमधून चालतं. कोणतं साधन घ्यायचं ते एका प्रश्नावर ठरवा: पॅकेट दर वेळी अडतंय की अधूनमधून?

दर वेळी अडत असेल तर आधी ओव्हीएन-ट्रेस. तो ओव्हीएनचा साउथबाउंड डेटाबेस (लॉजिकल फ्लो, म्हणजे पॅकेटचं काय करायचं याचे नियम, इथे असतात) वाचून लॉजिकल स्विच-राउटरमधून काल्पनिक पॅकेट चालवतो, नेटवर्कवर काहीच जात नाही. सिक्युरिटी ग्रुपचा नियम चुकलाय का, राउट आहे का, हे मिनिटभरात कळतं. दोन गोष्टी हमखास राहतात. टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) दिला नाही तर तो शून्य धरला जातो आणि राउटर पॅकेट टाकून देतो. बिचाऱ्या नियमावर उगाच आळ येतो. आणि राउटरपलीकडे जायचं असेल तर डेस्टिनेशन मॅक पत्ता राउटर पोर्टचा हवा, समोरच्या व्हीएमचा नव्हे.

ट्रेस म्हणतो पोहोचलं आणि प्रत्यक्षात पोहोचत नाही? मग त्या होस्टवर ऑफप्रोटो-ट्रेस. हा ओव्हीएसमध्ये खरोखर बसलेले फ्लो वाचतो, म्हणजे ओव्हीएन-कंट्रोलर (हे फ्लो होस्टवर बसवणारा प्रोग्राम) मागे पडला असेल तर इथे उघड होतं. आउटपुट वाचायला किचकट. ते ओव्हीएन-डीट्रेसमधून काढलं की कुकीवरून (फ्लोवरच्या ओळखक्रमांकावरून) मूळ लॉजिकल फ्लो दिसतो. मात्र ऑफप्रोटो-ट्रेस दोन होस्टमधल्या टनेलशी थांबतो, पुढच्या होस्टवर पुन्हा चालवावा लागतो.

दोघांची उत्तरं ताडताना कनेक्शनची स्थिती स्वतः द्या. काही सांगितलं नाही तर ऑफप्रोटो-ट्रेस कनेक्शन नवं मानतो, ओव्हीएन-ट्रेस प्रस्थापित. या एका फरकापायी तासभर वाया जाऊ शकतो.

अधूनमधून अडत असेल तर दोन्ही ट्रेस कुचकामी, कारण नियम बरोबरच असतात. एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) घ्या: टनेलसाठी वापरलेल्या जेनेव्ह प्रोटोकॉलचा बोजा ५८ बाइट, म्हणून १५०० च्या जाळ्यात व्हीएमला १४४२ उरतात. लॉगिन होतं, मोठी क्वेरी लटकते, ट्रेस मात्र सगळं ठीक सांगतो. फ्रॅगमेंट न करता १४१४ बाइटचा पिंग जातोय का ते पाहा (वर २८ बाइट हेडर). तो अडला तर व्हीएमच्या टॅपवर (होस्टवरच्या त्याच्या आभासी पोर्टवर) आणि फिजिकल कार्डावर यूडीपी ६०८१ (जेनेव्हचा पोर्ट) साठी टीसीपीडंप हे पॅकेट पकडणारं साधन लावा. पॅकेट कुठे हरवलं ते कळतं, का हरवलं ते नाही. कारण हवं असेल तर रेटिस: ईबीपीएफच्या (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवण्याच्या सोयीच्या) जोरावर ते साधन त्याच पॅकेटचा कर्नल आणि ओव्हीएसमधून माग काढत जातं आणि ड्रॉपचं कारणही दाखवतं. पण डीपीडीके (कर्नल टाळून पॅकेट हाताळणारी लायब्ररी) असेल तर रेटिसचा उपयोग नाही, ते पॅकेट कर्नलमध्ये येतच नाही. हार्डवेअर ऑफलोड (पॅकेटचं काम नेटवर्क कार्डावर सोपवणं) चालू असेल तर टीसीपीडंपलाही सुरुवातीची मोजकी पॅकेट दिसतात आणि बाकी शांतता. तो ड्रॉप समजू नका, चाचणीपुरता ऑफलोड बंद करा.

इन-बँड टेलिमेट्री प्रत्येक टप्प्याची नोंद पॅकेटमध्येच ठेवते. पण तिला साथ देणारे स्विच हाताशी नसतील तर तो पर्यायच नाही.