गाडी विकण्याआधी घेतलेला ओबीडी स्कॅनर

जुनी गाडी एजंटाशिवाय स्वतःच विकायची ठरली, तेव्हा ब्लूटूथवर चालणारा छोटा ओबीडी-२ स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र, घेतला. पैसे पुरेपूर वसूल! स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात तो बसवायचा, चावी फिरवायची, की फोनवर इंजिनाची सगळी कुंडली उघडते. माझ्या गाडीत पी०४२० हा दोषाचा कोड निघाला, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाचं) काम मंदावलंय.

कोड पुसायचं बटण ॲपमध्येच आहे. कृपा करून ते दाबू नका. पुसल्यावर गाडीच्या अंतर्गत चाचण्या 'अपूर्ण' दिसतात. जाणकार गिऱ्हाईक स्वतःचा स्कॅनर लावून हे लगेच ओळखतं आणि मग तुमच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवत नाही. मी कोडसकट रिपोर्ट समोर ठेवला. घासाघीस झाली, पण तेवढ्या एका दोषावरच. टायर, क्लच, सीट असं लांबलं नाही.

गंज, अपघातानंतरचं पत्र्याचं काम, झिजलेलं सस्पेन्शन यातलं काहीच स्कॅनरला कळत नाही. त्यासाठी ओळखीचा मेकॅनिकच हवा. ब्लूटूथही मधूनमधून तुटतं, तेवढा रेटिंगमधला एक तारा कापला.

व्यवहाराच्या दिवशी मात्र भर बँकेवर द्या. पैसे जमा झाल्याचा मेसेज किंवा स्क्रीनशॉट कितीही खरा वाटो, स्वतःच्या खात्यात रक्कम दिसेपर्यंत चावी आणि कागदपत्रं हातातून सोडू नका. मालकी बदलल्याची नोंदही लगेच करून घ्या. आणि गाडीच्या स्क्रीनमधून आपले कॉन्टॅक्ट्स, घराचा पत्ता आठवणीने पुसा.