स्वतःचे उपकरण, शाळेचा टॅब की संगणक कक्ष? माध्यमिक शाळांसाठी एक तुलना

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी शिकण्यासाठी घरून मोबाइल, टॅब किंवा लॅपटॉप आणावा काय, हा विषय आता संस्थाचालकांच्या आणि पालक-शिक्षक संघाच्या बैठकांत वारंवार निघतो. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, शालेय साहित्याचे सरकारी दीक्षा ॲप आले, गणितासाठी जिओजेब्रासारखी साधने विनामूल्य मिळू लागली. त्यामुळे वर्गात एखादे उपकरण असावे, याबद्दल फारसे दुमत राहिलेले नाही. ते कोणाचे असावे, हा खरा प्रश्न आहे. प्रत्येकाने स्वतःचे आणावे, शाळेने टॅबचा एक संच घेऊन तो वर्गावर्गांत फिरवावा, की आहे तो संगणक कक्षच नीट चालवावा, असे तीन पर्याय शाळेसमोर असतात. मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेचा विचार केला, तर माझा कौल फिरत्या संचाला आहे. त्याची कारणे पुढे येतील, आणि तो कौल कुठे लागू पडत नाही हेही.

आधी एक घोळ दूर केला पाहिजे. ‘उपकरण’ या एका शब्दाखाली आपण मोबाइल आणि लॅपटॉप एकत्र धरतो, आणि बैठकीतील निम्मा वाद तिथेच वाया जातो. न्यूझीलंडमधील ओरेवा कॉलेज या माध्यमिक शाळेने २०१२ पासून नव्या विद्यार्थ्यांनी स्वतःचे उपकरण आणावे असे २०११ मध्ये जाहीर केले, तेव्हा खर्चावरून तिथे मोठी चर्चा झाली. पुढे अनेक शाळांत ही पद्धत रुळली. त्याच देशाने एप्रिल २०२४ च्या अखेरीस शाळेच्या वेळेत मोबाइल वापरण्यावर बंदी घातली. या दोन गोष्टींत विसंगती नाही, कारण लॅपटॉपवर निबंध लिहिता येतो, तक्ता करता येतो, प्रकल्पाची मांडणी करता येते. मोबाइलवर मुख्यतः पाहता येते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याचा अनुभव आपल्याला अधिक उपयोगी आहे. तिथे केंद्र सरकारच्या २००८ च्या योजनेतून नववीपासूनच्या मुलांना लॅपटॉप मिळत होते. २०१३ मध्ये तो निधी थांबला आणि त्यानंतर ‘स्वतःचे आणा’ हे धोरण पुढे आले. म्हणजे ही पद्धत रुजण्यामागे अध्यापनशास्त्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, अंदाजपत्रक होते. आपल्याकडेही हा प्रस्ताव मांडला जातो तेव्हा तो शिकवण्याच्या गरजेतून आला आहे की वेतनेतर अनुदान, म्हणजे पगाराखेरीजच्या खर्चासाठी मिळणारा सरकारी निधी, पुरत नाही म्हणून, हे सभेत स्पष्ट विचारून घ्यावे.

आता घरात काय आहे ते पाहू. ‘असर’ या ग्रामीण भागातील मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. स्वतःचा फोन मात्र यांतल्या थोड्यांकडेच होता: मुलग्यांत सुमारे ३६ टक्के, मुलींत सुमारे २७ टक्के. शाळेच्या दृष्टीने हा शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘घरी स्मार्टफोन आहे का?’ या प्रश्नाला जवळजवळ सगळे पालक होकार देतात, पण तो फोन सकाळी वडिलांबरोबर कारखान्यात, रिक्षात किंवा बाजार समितीत गेलेला असतो आणि संध्याकाळीच घरी परततो. म्हणून पालकांकडून अर्ज भरून घेताना ‘सकाळी ११ ते संध्याकाळी ५ या वेळेत पाल्याला देता येईल असे उपकरण आहे काय?’ असे विचारावे. उत्तरे एकदम बदलतील. आणि ज्या घरात एकच जादा फोन आहे तिथे तो दादाला मिळतो की ताईला, हे वरच्या आकड्यांवरून ओळखता येते.

खर्चाचा हिशेब करताना ‘स्वतःचे आणा’ हाच पर्याय स्वस्त वाटतो, कारण शाळेच्या कीर्दीत तो दिसतच नाही. उदाहरणादाखल नववीच्या ६० मुलांच्या दोन तुकड्या आणि बरा टॅब १२ हजार रुपयांना असे धरू. सर्वांनी स्वतःचे घ्यायचे तर पालकांच्या खिशातून १४ लाख ४० हजार रुपये जातात. शाळेने ३० टॅबचा संच घेऊन दोघांत एक दिला, तर ३ लाख ६० हजारांत दोन्ही तुकड्यांचे आळीपाळीने भागते. इतकी रक्कम माजी विद्यार्थ्यांकडून किंवा एखाद्या कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून उभी राहू शकते. १२० कुटुंबांना प्रत्येकी १२ हजार खर्च करायला लावणे मात्र, विशेषतः जूनमध्ये, वह्या-पुस्तके-गणवेशाच्या तोंडावर, फार जड जाते. दोघांत एक टॅब ही केवळ तडजोड आहे असेही नाही. गणितातील रचना किंवा विज्ञानातील आभासी प्रयोग करताना दोन मुले आपसांत बोलतात, आणि ते बोलणे शिक्षकाला ऐकू येते.

वर्गात प्रत्यक्ष काय घडते, ते तासिकेच्या मोजमापाने पाहावे. तासिका ३५ मिनिटांची. स्वतःची उपकरणे असली की कोणाची बॅटरी संपलेली, कोणाचा अँड्रॉइड इतका जुना की ॲप उतरत नाही, कोणाच्या फोनची साठवण मामाच्या लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली. लॉगिन करायला गेले की ओटीपी वडिलांच्या नंबरवर जातो आणि वडील पहिल्या पाळीत मशीनवर असतात, जिथे फोन खिशात ठेवायला परवानगी नाही. शिक्षकाने हे सगळे निस्तरेपर्यंत तासिकेचा पहिला तृतीयांश सरतो. सर्वांसाठी एकसारखा संच असला की सूचना एकच द्यावी लागते. शिवाय साहित्य आधीच टॅबवर उतरवून ठेवता येते, त्यामुळे इंटरनेट गेले तरी तास चालतो. घरगुती राउटरवर ६० उपकरणे एकदम जोडली की काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

लक्ष विचलित होण्याच्या तक्रारीला पुरावा आहे. ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०२२ च्या फेरीत ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या सदस्य देशांतील सरासरी ६५ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले की गणिताच्या किमान काही तासांना उपकरणांमुळे आपले लक्ष उडते. ५९ टक्क्यांनी शेजारच्याच्या उपकरणामुळे लक्ष उडते असे सांगितले. म्हणजे ज्याच्याकडे फोन नाही तोही सुटत नाही. शाळेच्या टॅबवर ठरावीक ॲपखेरीज बाकी सारे बंद ठेवता येते. विद्यार्थ्याच्या खासगी फोनवर असे नियंत्रण बसवायचे तर पालकांची संमती लागेल, आणि बहुतेक पालक ती देणार नाहीत. मी पालक असतो तर मीही दिली नसती. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक मानला आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे, हेही शाळेने ध्यानात ठेवावे.

सरसकट बंदी हाही उपाय नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या सुरुवातीला एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात संपूर्ण बंदी इष्ट नसल्याचे सांगितले. मात्र शक्य तिथे शाळेत शिरताना फोन जमा करून घ्यावा, वर्गात तो वापरू देऊ नये आणि आवारात चित्रीकरणास मनाई असावी, अशी चौकट सुचवली. लांबून एसटीने येणाऱ्या मुलीजवळ फोन असणे ही सुरक्षिततेची गरज आहे. तो वर्गात उघडणे ही निराळी बाब आहे. नियमावलीत या दोन्हींसाठी दोन स्वतंत्र कलमे हवीत.

स्वतःच्या उपकरणाची खरी ताकद शाळा सुटल्यावर दिसते. वर्गात सुरू केलेले काम घरी पुढे नेता येते, टिपणे एका ठिकाणी राहतात, आणि स्वतःची वस्तू मूल सहसा जपते. अकरावी-बारावीत, विशेषतः प्रोग्रॅमिंग किंवा लेखाकर्म शिकणाऱ्यांना, लॅपटॉप स्वतःचा असणे निश्चितच उपयोगी आहे. दहावीपर्यंत हा फायदा मर्यादित राहतो, कारण बोर्डाची परीक्षा शेवटी पेनाने कागदावर द्यायची असते आणि लिहिण्याचा वेग हा तिथे गुणांचा भाग असतो. दृष्टिबाधित किंवा लेखन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना मात्र दहावीच्या आतही स्वतःच्या उपकरणाची परवानगी विनाअट द्यावी. पडदा वाचून दाखवणारी प्रणाली, अक्षरांचा आकार, आवाजाचा वेग हे सारे त्या मुलाने आपल्या हाताने बसवलेले असते. त्याला फिरत्या संचातला कोणताही एक टॅब घे म्हणणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा देण्यासारखे आहे.

संचाचेही दोष आहेत आणि ते कागदावर दिसत नाहीत. टॅब कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली रजेवर गेलेल्या शिक्षकाकडे, ही आपल्या शाळांची जुनी तऱ्हा. शाळांना संगणक कक्ष देणाऱ्या सरकारी आयसीटी योजनेतील पाच वर्षांची कंत्राटे संपल्यावर संगणक कक्षांचे अनेक ठिकाणी असेच झाले. म्हणून संच घ्यायचाच असेल तर तो चार्ज करण्याची, मोजून देण्याची आणि मोजून घेण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे लेखी द्यावी, त्या कामाच्या बदल्यात तिच्या काही तासिका कमी कराव्यात आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी खरेदी किमतीच्या दहाव्या हिश्शाइतकी तरतूद ठेवावी. ही तयारी नसेल, तर नवी खरेदी करू नये. आहे तो संगणक कक्ष आठवड्यातून दोन तास खरोखर उघडा ठेवावा. कक्षात कळफलकावर मराठी टंकलेखन शिकवता येते, जे टॅबवर नीट साधत नाही.

शहरातील स्वयंअर्थसहाय्यित शाळेत, जिथे बहुतेक घरांत लॅपटॉप आहेच आणि उरलेल्या मुलांना शाळा स्वतः तो उसना देऊ शकते, तिथे नववीपासून लॅपटॉप आणण्याची पद्धत चालू शकेल. मोबाइल तिथेही नको. उसन्या लॅपटॉपवर शाळेचे मोठे बोधचिन्ह मात्र चिकटवू नये, कोणाचा उसना आहे ते वर्गाला कळण्याचे कारण नाही.

निर्णय कोणताही असो, तो मार्च-एप्रिलमध्ये घेऊन निकालाच्या दिवशी पालकांच्या हाती लेखी द्यावा. जूनमध्ये सांगितले, तर काहींनी सुट्टीत मुलाला मोबाइल घेऊन दिलेला असतो, आणि मग शाळेची नियमावली त्या खरेदीला सोयीची व्हावी असा आग्रह पहिल्याच पालक सभेत सुरू होतो.