क्लबसाठी रिग घ्यायचीय? आयकॉम आयसी-7300, जानेवारीच्या थंडीत वापरून

या रिगवर, म्हणजे हौशी रेडिओच्या या संचावर, लिहिलेलं भरपूर सापडतं, पण त्यातलं बरंचसं गरम खोलीत, घरच्या टेबलावर, एकट्याने वापरणाऱ्यांचं असतं. आमची आयसी-7300 क्लबच्या मालकीची आहे. ती एका माणसाच्या हातात सलग दोन तासांवर राहत नाही आणि तिचा खरा कस लागतो तो जानेवारीच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी, विंटर फील्ड डेला. म्हणून हा रिव्ह्यू क्लबवाल्यांसाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: क्लबच्या पैशांनी पहिली एचएफ (लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हची) रिग घ्यायची असेल तर हीच घ्या. फक्त तिच्यासोबत दोन-तीन गोष्टींसाठी पैसे बाजूला काढा, नाहीतर उघड्यावर ती तिच्या निम्म्या गुणांनीच चालेल.

ज्यांना विंटर फील्ड डे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतला जूनचा फील्ड डे 1933 पासून चालत आलाय, हिवाळ्यातला 2007 पासूनचा. वादळ, बर्फ, वीज गेलेली, अशा वेळी हौशी रेडिओवाल्यांना काम करता यायला हवं. आणि आपत्ती काही उन्हाळा बघून येत नाही. म्हणून ऐन थंडीत बाहेर पडायचं, बॅटरीवर स्टेशन उभं करायचं आणि जमतील तितक्या स्टेशनांशी संपर्क करायचा. प्रत्येक संपर्कात आपला कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेलं रेडिओवरचं नाव), किती ट्रान्समीटर, कुठून बोलतोय आणि कुठला सेक्शन (विभाग) एवढंच सांगायचं. आम्ही सांगतो, ‘थ्री ऑस्कर, नॉर्दर्न न्यू जर्सी’. म्हणजे तीन ट्रान्समीटर, उघड्यावर, उत्तर न्यू जर्सी. पार्कातली एक पिकनिक शेड, तिच्या तीन बाजूंना ताडपत्र्या, लाकडी बाकं आणि झाडांवर टांगलेले डायपोल (तारेच्या साध्या अँटेना), हे आमचं स्टेशन.

आता रिगकडे. हिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे 4.3 इंची पडदा आणि त्यावर सतत सरकणारा वॉटरफॉल, म्हणजे आलेले सिग्नल रेघांनी दाखवणारं चित्र. अँटेनावरून आलेला सिग्नल जवळजवळ थेट डिजिटल करून घेणारी ही रचना 2016 मध्ये या किमतीच्या रिगमध्ये आली, आणि तेव्हापासून बँडवर (फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यावर) काय चाललंय ते ऐकण्याआधी दिसायला लागलं. जुन्याजाणत्या हॅमला (हौशी रेडिओवाल्याला) त्याची फारशी गरज नसते. तो डायल फिरवत बँडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि कान सगळं टिपतात. नवख्या माणसाला मात्र त्या खरखरीत काहीच कळत नाही. पाच मिनिटांत कंटाळून तो कॉफीच्या थर्मासकडे वळतो.

आमच्याकडे एका मराठी कुटुंबातली अकरा वर्षांची मुलगी आली होती. मी तिला माइकपाशी बसवलं, तर तिने आधी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, ‘‘मावशी, ही जाड रेघ कुणाची?’’ म्हटलं, तूच बघ. तिने रेघेला स्पर्श केला, तेवढा भाग मोठा होऊन समोर आला. पुन्हा स्पर्श केला आणि रिग त्या फ्रिक्वेन्सीवर गेली. आवाज बदकासारखा येत होता, कारण बोटाने नेमक्या हर्ट्झवर पोचता येत नाही. मग डायल थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, आणि एकदम स्वच्छ माणसाचा आवाज: ओहायोचं स्टेशन सीक्यू, म्हणजे ‘कुणी आहे का’ अशी हाक, देत होतं. तिने हातमोजे काढलेच नव्हते. हा पडदा दाबाने चालतो, फोनच्या पडद्यासारखा उघडं बोट मागत नाही, आणि हिवाळ्यात हा गुण लाखमोलाचा आहे. संपर्क तिनेच केला, मी शेजारी लायसन्सधारक म्हणून बसले होते. (अमेरिकेत हे चालतं. परदेशातलं स्टेशन असेल तर मात्र त्या देशाशी तसा करार असावा लागतो, म्हणून तेव्हा माइक मी घेते.) त्यानंतर तिला उठवताना तिच्या आईला विनवण्या कराव्या लागल्या.

दुसरा गुण म्हणजे आवाजाच्या मेमरी. एसडी कार्ड टाकलं की आठ संदेश रेकॉर्ड करून ठेवता येतात. कार्ड वेगळं घ्यावं लागतं, ते आधीच घेऊन ठेवा. टी1 वर बोट दाबून धरलं की ‘सीक्यू विंटर फील्ड डे’ ठरावीक वेळाने आपोआप जात राहतं. थंड हवेत तासभर ओरडून घसा बसतो, तो वाचतो. मोर्सवाल्यांसाठीही अशाच आठ मेमरी आहेत. आमचे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, एरवी मोर्सची की (टकटक करायची कळ) हातानेच चालवतात. पण पहाटे बोटं आखडली की तेसुद्धा निमूटपणे एम1 दाबतात. मोर्सच्या संपर्काला आवाजाच्या दुप्पट गुण मिळतात, त्यामुळे त्यांच्या त्या पहाटेवर क्लबचा बराच स्कोअर अवलंबून असतो. लॅपटॉपशी जोडायला एकच यूएसबी केबल पुरते, साउंडकार्ड आतच आहे. लॉगिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रिक्वेन्सी आणि मोड आपोआप उमटतात, त्यामुळे दर दोन तासांनी माणूस बदलला तरी लॉगमध्ये घोळ होत नाही.

आता ज्यासाठी पैसे बाजूला काढायला सांगितले त्या गोष्टी.

एकाच पार्कात तीन ट्रान्समीटर म्हणजे शे-दीडशे फुटांवर 100 वॉट ओतणारी दुसरी रिग. तिचा सिग्नल ऐकायच्या सिग्नलपेक्षा लाखो पटींनी मोठा असतो. या रिगमध्ये तो आत घुसला की पडद्यावर लाल ‘ओव्हीएफ’ दिसतं, म्हणजे डिजिटल रूपांतर करणारा भाग तुडुंब भरला आणि हलके सिग्नल बुडाले. शेजारी कुणी बोलायला लागला की आपला वॉटरफॉल पांढरा पडतो. पहिला उपाय फुकटचा आहे. 40 आणि 80 मीटरच्या बँडवर प्रीअँप (सिग्नल वाढवणारा भाग) बंदच ठेवा, आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) खाली घ्या, अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावा. या बँडवर मुळात खरखर इतकी असते की त्याने काही हरवत नाही. दुसरा उपाय अँटेनांची मांडणी: डायपोल एकमेकांना समांतर नकोत, शक्य तर टोकाला टोक करून बांधा. पण खरा इलाज म्हणजे प्रत्येक बँडचा बँडपास फिल्टर (तेवढाच बँड जाऊ देणारा, बाकीचं अडवणारा), रिग आणि फीडलाइनच्या (अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या) मधे. आणि तो दोन्ही रिगना लागतो. 40 मीटरवर 7.150 मेगाहर्ट्झला कुणी बोललं की त्याची दुप्पट 14.300 होते, म्हणजे बरोबर 20 मीटरच्या गर्दीत. ती घाण पाठवणाऱ्याकडेच अडवावी लागते, ऐकणाऱ्याने कितीही काही केलं तरी ती जात नाही. फिल्टर आल्यावर आमची सगळी टेबलं एकाच वेळी चालायला लागली. त्याआधी ‘आता तू थांब, मी बोलतो’ असं चाललं होतं.

नंतर वीज. रिग 13.8 व्होल्टवर चालते, त्यात 15 टक्के वर-खाली चालतं, म्हणजे खालची हद्द साधारण 11.7 व्होल्ट. पूर्ण ताकदीला 21 अँपिअरपर्यंत ओढते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी भाराखाली तेराच्या आसपास टिकते, त्यामुळे वरकरणी काही अडचण नाही. पण मधली तार लांब आणि बारीक असली तर काय होतं बघा: तारेचा आणि फ्यूजच्या जोडांचा मिळून रोध 0.05 ओहम जरी असला तरी 20 अँपिअरला एक व्होल्ट वाटेतच जातो. म्हणून तार जाड घ्या, आखूड घ्या, आणि जोड घट्ट आहेत ना ते थंडीत पुन्हा तपासा. आवाजाच्या कामाला 100 अँपिअर-अवरची एक बॅटरी रात्र आरामात काढते, कारण प्रत्यक्ष बोलणं थोडा वेळ आणि ऐकणं जास्त. ऐकतानाही ही रिग एक अँपिअरच्या आसपास घेते, हे मात्र पाठीवर सामान टाकून डोंगर चढणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. वजनही 4.2 किलो आहे.

आणि कृपा करून ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नका. वापरायला हरकत नाही, थोडी क्षमता कमी मिळते इतकंच. पण गोठलेल्या बॅटरीत करंट ढकलला की लिथियम आत शिरायच्या ऐवजी प्लेटवर धातू होऊन साचतं, आणि ते नुकसान भरून येत नाही. सकाळी ऊन पडलं की सोलर पॅनल लावायचा मोह सगळ्यांना होतो. आधी बॅटरी गाडीत ठेवून ऊब द्या, मग लावा.

थंडीबद्दल कंपनी उणे 10 ते अधिक 60 अंश सेल्सिअस सांगते. आमच्याकडे पहाटे पारा त्या खालच्या आकड्याला जाऊन टेकतो. रिग चालू ठेवली की स्वतःच्या उबेवर राहते. माइकची गुंडाळी केबल कडक होते आणि टेबलावरच्या वस्तू ओढून पाडते, तेवढी ती बाकाला बांधून ठेवा. रविवारी सामान आवरल्यावर रिग थेट गरम घरात उघडायची नाही. पेटीत बंद ठेवायची, सावकाश खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आत दव धरतं.

आतला ट्यूनर 3:1 एसडब्ल्यूआरपर्यंत (रिग आणि अँटेना किती जुळत नाहीत त्याचं माप) सांभाळून घेतो. ओला बर्फ तारेवर चिकटला की डायपोलचा रेझोनन्स (ज्या फ्रिक्वेन्सीला तो नीट जुळतो ती) खाली सरकतो, तेवढं तो बसल्या जागी निस्तरतो. पण कुठलीही वेडीवाकडी तार जुळवेल अशी अपेक्षा ठेवू नका.

उणिवा सांगायच्या तर अँटेनासाठी एकच सॉकेट आहे, आणि ऐकण्यासाठी वेगळी अँटेना जोडायची सोय नाही. 160 मीटरवर रात्र काढणाऱ्याला हे खुपणार. रिसीव्हरही एकच. पंखा शांत शेडमध्ये ऐकू येतो. एकट्याने फिरायला न्यायची असेल तर येसूची एफटी-891 लहान आणि हलकी आहे, पण तिच्यात ट्यूनर नाही आणि तो रंगीत वॉटरफॉलही नाही. म्हणजे आमच्या त्या मुलीला तिथे ‘जाड रेघ’ दिसली नसती.

इथे किंमत हजार डॉलरच्या आसपास असायची, सवलतीच्या दिवसांत थोडी कमी. त्यावर फिल्टर, बॅटरी आणि तार धरून क्लबने अंदाज करावा. मुंबई-पुण्याच्या क्लबवाल्यांना आयात शुल्क आणि परवान्याचे कागद यांचा हिशेब वेगळा करावा लागेल, पण माझा सल्ला तोच. तुमच्याकडे थंडी नाही, पण पावसाळ्यातल्या सरावात बॅटरी, तार आणि फिल्टर यांचं गणित जसंच्या तसं लागू पडतं, आणि वापरणारे हात तिथेही रोज नवेच असतात. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापलाय तो त्या एकुलत्या अँटेना सॉकेटसाठी.