जळगावच्या एका प्रवेश मार्गदर्शन केंद्राचा अनुभव : कागदपत्रांत पास, पत्रात नापास

माझे यजमान रेल्वेत आहेत. या उन्हाळ्यात त्यांची भुसावळहून पुणे विभागात बदली झाली आणि बी.एस्सी.चे पहिले वर्ष संपवलेल्या आमच्या मुलाला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयात, दुसऱ्या वर्षाला, हलवण्याची वेळ आली. त्यासाठी जळगावातील एका खासगी मार्गदर्शन केंद्राची मदत घेतली. कागदपत्रांची तयारी आणि अर्जासोबतचे विनंतीपत्र मिळून शुल्क 3,500 रुपये होते. केंद्राचे नाव मुद्दामच लिहीत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत हे लोक खरोखर जाणकार आहेत. नव्या महाविद्यालयाकडून जागा रिकामी असल्याचे आणि प्रवेश देणार असल्याचे लेखी हाती आल्याशिवाय जुन्या महाविद्यालयातून टीसी काढू नका, नाहीतर मुलगा ना इकडचा राहतो ना तिकडचा, हे त्यांनी पहिल्याच भेटीत बजावले. मायग्रेशनचा, म्हणजे विद्यापीठ बदलण्याच्या दाखल्याचा अर्ज, दोन्ही सत्रांच्या मार्कशीट, विषयांची समकक्षता तपासण्यासाठी अभ्यासक्रमाची साक्षांकित प्रत, असा सगळा क्रम त्यांनी लिहून दिला. अभ्यासक्रमाची प्रत लागते, हे आम्हाला सुचलेही नसते.

अडचण आली ती मुलाच्या गणिताची. पहिल्या सत्रात तो गणितात नापास झाला होता आणि उन्हाळी परीक्षेत तो विषय ‘पी’ श्रेणीत, म्हणजे दहापैकी चार गुणांकावर, कसाबसा सुटला. मार्गदर्शकांनी त्या ‘पी’भोवती पेन्सिलीने गोल केला, मार्कशीट उलटी ठेवली आणि अगदी सहजपणे म्हणाले, “हिच्याबद्दल बोलायचेच नाही. विचारलेच तर आजारपण सांगू, दाखल्याची सोय होते.” दोन दिवसांनी पत्राचा मसुदा आला. त्यात माझा मुलगा ‘दीर्घकालीन प्रकृती अस्वास्थ्याने’ ग्रस्त होता. त्या सत्रात त्याला एकदा तीन दिवस ताप आला होता, तोही दिवाळीच्या सुट्टीत.

मी शाळेत शिकवते. पोटदुखीच्या चिठ्ठ्या आणि त्यांखालच्या पालकांच्या सह्या रोज पाहते, त्यामुळे माझी चीड थोडी जास्त असेल हे मान्य आहे. पण नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हा सल्ला व्यवहारालाही धरून नाही. मार्कशीटवर परीक्षेचा महिना आणि वर्ष छापलेले असते; पहिल्या सत्राचा विषय उन्हाळ्यात सुटलेला दिसला की काय घडले ते कोणत्याही लिपिकाला सांगावे लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये आणलेल्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेल्या क्रेडिटच्या (विषयाच्या वजनाच्या एककांच्या) ऑनलाइन खात्यात, विद्यार्थ्याला स्वतःचे क्रेडिट भरता येत नाही, ते फक्त संस्थाच भरते. तेव्हा तिथेही आपल्या सोयीचे तेवढेच ठेवण्याची सोय नाही. शिवाय हा डाग आपण समजतो तेवढा मोठाही नसतो. बावीस क्रेडिटच्या सत्रात चार क्रेडिटच्या एका विषयाला आठऐवजी चार गुणांक मिळाले, तर सत्राची सरासरी सुमारे 0.73 ने उतरते. तेवढ्यासाठी खोटा वैद्यकीय दाखला जोडायचा आणि तो पकडला गेला तर प्रवेशच गमवायचा, हा हिशेब मला तरी जुळवता आला नाही.

केंद्रात टंकलेखन करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, मूळचे शिरपूरकडचे. मसुदा परत करायला गेले तेव्हा साहेब आत होते. हे गृहस्थ मान वर न करताच हळूच म्हणाले, “ताई, मार्कशीट सगळं सांगस, आपण कसाले झाकानं?” त्या केंद्रातला सर्वांत उपयोगी सल्ला हाच होता आणि त्याचे वेगळे पैसे पडले नाहीत.

शेवटी पत्र मुलानेच लिहिले. त्यातला त्या विषयाचा भाग एवढाच आहे : “पहिल्या सत्रात मी गणितात अनुत्तीर्ण झालो. बारावीत चांगले गुण असल्याने मी गाफील राहिलो आणि भुसावळ–जळगाव अपडाऊनमध्ये सकाळचे तास वारंवार चुकवले. उन्हाळी परीक्षेत विषय उत्तीर्ण झालो; श्रेणी ‘पी’ आहे. दुसऱ्या सत्रात एकही तास चुकवला नाही आणि गणितात ‘बी प्लस’ मिळाले. दोन्ही मार्कशीट सोबत जोडल्या आहेत.” अपडाऊनचा उल्लेख सबबीसारखा वाटतो म्हणून तो काढ, असे मी सुचवले होते. खरे तेच लिहायचे ठरले असेल तर तेही खरेच आहे, असे म्हणून त्याने तो ठेवला.

पुण्याच्या महाविद्यालयात प्राचार्यांनी पत्र वाचून एकच प्रश्न विचारला : सकाळच्या तासांना आता कसा येणार? घर चालत दहा मिनिटांवर घेतले आहे, असे त्याने सांगितले. प्रवेश मिळाला. अभ्यासक्रमातील फरकामुळे एक विषय जादा द्यावा लागणार आहे, पण तो गणिताचा नाही.

केवळ कागदपत्रांसाठी जाणार असाल तर या केंद्राला पाचपैकी चार तारे द्यायला माझी हरकत नाही. पत्रासाठी मात्र एकही नाही. न वापरलेल्या पत्राचे 1,200 रुपये मी परत मागितले. बरीच घासाघीस झाल्यावर 500 मिळाले, पावतीशिवाय.