सहा एजीव्ही आणि स्टोअरसमोरचा चौक

चाकणच्या आमच्या असेंब्ली शॉपमध्ये एजीव्ही, म्हणजे ड्रायव्हरशिवाय आपोआप चालणाऱ्या गाड्या, येऊन आठ महिने झाले. स्टोअरमधून किटची, म्हणजे जोडणीला लागणाऱ्या सुट्या भागांची, ट्रॉली उचलायची आणि लाईनवर पोचवायची, एवढंच त्यांचं काम. मी मटेरियलचा सुपरवायझर, त्यामुळे लाईन थांबली की पहिला फोन मला येतो.

गाड्या उत्तम आहेत. जमिनीवरच्या चुंबकी टेपवरून बिनचूक चालतात. समोर माणूस आला की लेझर स्कॅनरमुळे आधी हळू होतात, मग थांबतात. फोर्कलिफ्ट वळते तिथली टेप मात्र उखडते, महिन्याला नवी लावतो.

दुखणं होतं रूटिंगचं. सॉफ्टवेअर प्रत्येक गाडीला सगळ्यात जवळचा रस्ता द्यायचं, आणि सगळ्यांचा जवळचा रस्ता स्टोअरसमोरच्या एकाच चौकातून. दुसऱ्या महिन्यात ऐन शिफ्ट बदलताना भरलेली गाडी चौकात शिरली आणि समोरून रिकामी परत येत होती. ही तिच्यासाठी थांबली, ती हिच्यासाठी. मागे आणखी दोन येऊन उभ्या राहिल्या. टेपवरची गाडी बाजूने काही निघत नाही. शेवटी मॅन्युअलवर टाकून एकेक मागे घेतली. लाईन बावीस मिनिटं बंद होती.

पुरवठादाराची माणसं आली आणि दोन दिवस वेगच वाढवून बघत राहिली. मी सांगत होतो, वेगाचा प्रश्न नाही. तिसऱ्या दिवशी त्यांची एक इंजिनिअर मुलगी अख्खी शिफ्ट चौकात वही घेऊन उभी राहिली. कुठली गाडी कधी आली, किती वेळ थांबली, सगळं लिहून काढलं. मग तिने जायचा आणि यायचा रस्ता वेगळा केला, दोन्ही एकेरी. शिवाय पलीकडचा टप्पा मोकळा असल्याशिवाय चौकात शिरायचंच नाही, असा नियम घातला. फेरी चाळीस मीटरने लांबली, तरी ट्रॉली वेळेवर येते. तेव्हापासून कोंडी एकदाही झालेली नाही. त्या मुलीचे मनापासून आभार.

घेणार असाल तर डेमोत एक गाडी फिरवून दाखवली म्हणून हो म्हणू नका. सगळ्या गाड्या, तुमचा लेआउट आणि शिफ्ट बदलाची वेळ धरून सिम्युलेशन मागा. व्हीडीए ५०५० चालतं का, हेही ऑर्डरआधी विचारा. जर्मनीत ठरलेल्या या इंटरफेसमुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच कंट्रोलखाली चालवता येतात. आमच्या सिस्टिममध्ये ते नाही, म्हणून सातवी गाडी आता यांच्याकडूनच, ते सांगतील त्या भावाने घ्यावी लागणार आहे.