ऑफिसच्या फोनचं आउटगोइंग कुठे अडवायचं: लाइनवर, ईपीएबीएक्समध्ये की पिन देऊन?

‘झिरो लॉक करून टाका’, म्हणजे शून्याने सुरू होणारे कॉल बंद करा, ही मागणी पुण्यातल्या ऑफिसांमधून अजूनही होते. एकेकाळी ती बरोबर होती. पुण्यातल्या मोबाइलला लँडलाइनवरून सरळ दहा आकडे फिरवले की फोन लागायचा, त्यामुळे शून्य बंद केलं तरी रोजचं काम अडत नसे. १५ जानेवारी २०२१ पासून मात्र लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला आधी शून्य लावावंच लागतं. आता शून्य बंद केलं की एसटीडीबरोबर (परगावच्या कॉलबरोबर) मोबाइलही गेला. म्हणून कुलूप लावण्याआधी ते कुठे लावायचं हे नीट ठरवा.

पहिली जागा म्हणजे टेलिफोन कंपनी. अर्ज करून लाइनवरचं आयएसडी, म्हणजे परदेशी कॉल, बंद करून घेता येतं. हे सगळ्यात भक्कम, कारण तुमच्या ऑफिसमधल्या एक्स्चेंजमध्ये कोणी काहीही उलटसुलट केलं तरी त्या लाइनवरून परदेशी कॉल जाणार नाही. पण ते अख्ख्या लाइनला लागतं. साहेबांना परदेशी ग्राहकांशी बोलायचं असेल तर वेगळी लाइन ठेवावी लागेल. ज्यांचा परदेशाशी संबंध नाही, त्यांनी हे आजच करून घ्यावं.

दुसरी जागा तुमचा ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसमधला छोटा टेलिफोन एक्स्चेंज. इथे प्रत्येक एक्स्टेंशनला एक वर्ग देता येतो: कोणाला फक्त इंटरकॉम, कोणाला लोकल, कोणाला सगळं. सोबत चालू नंबरांची आणि बंद नंबरांची अशा दोन याद्या असतात. खरी ताकद या याद्यांत आहे. समजा ऑफिस टिळक रोडवर आणि प्लांट चाकणला. पुणे ०२० मध्ये, पण चाकणचा कोड ०२१३५, म्हणजे एसटीडी. बंद यादीत ०० (आयएसडी) आणि ०१ ते ०५ टाका, चालू यादीत ०२१३५ टाका. मुंबई, दिल्ली, हैदराबाद बंद, चाकण चालू. दोन्ही याद्यांत बसणाऱ्या नंबराला कोणती यादी लागू होते, हे मात्र मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. सगळी मॉडेल्स एकसारखी वागत नाहीत.

पण ‘एसटीडी पूर्ण बंद, मोबाइल पूर्ण चालू’ असं चोख जमत नाही. मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. बंगळूरचा कोड ०८०, नागपूरचा ०७१२. शून्य धरून दोन्हीकडे अकराच आकडे. यंत्राने फरक ओळखायचा कशावरून? एकेक कोड बंद यादीत भरत बसलात तर त्याच आकड्यांनी सुरू होणारे मोबाइलही अडकतील. माझं स्पष्ट मत: प्लॅनमध्ये देशभरचे कॉल अमर्याद असतील तर एसटीडीच्या मागे लागूच नका. आयएसडी अडवा आणि पुढच्या कामाला लागा.

आणखी एक खाचखळगा. बऱ्याच ऑफिसांत बाहेरची लाइन घ्यायला आधी ० दाबतात. त्यानंतर मोबाइलचं शून्य. म्हणजे माणसाने दाबले ००९८…, आणि तुमच्या नियमात ०० बंद! लाइनचं शून्य बाजूला काढून मगच नियम तपासला जातो ना, हे पाहा. नाहीतर आयएसडी अडवायला जाल आणि सगळे मोबाइल बंद पडतील. ईपीएबीएक्समध्ये सिमकार्ड असेल तर हिशेब पुन्हा वेगळा: सिमवरून मोबाइलला शून्य लागत नाही, त्यामुळे ते पोर्ट स्वतंत्र तपासा.

ॲस्टरिस्क किंवा फ्रीपीबीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणारा आयपी (नेटवर्कवरचा) एक्स्चेंज असेल तर हेच काम आउटबाउंड रूटमध्ये, म्हणजे कुठला कॉल कुठून बाहेर जाईल याच्या नियमांत, होतं. फ्रीपीबीएक्समध्ये रूट वरून खाली तपासले जातात, त्यामुळे वरचा रूट सैल राहिला तर खालची बंधनं वाया जातात. लवचीकपणा भरपूर आहे, पण धोकाही मोठा. एखाद्या एक्स्टेंशनचा पासवर्ड सोपा असला की बाहेरचा माणूस इंटरनेटवरून त्यात शिरून रात्री किंवा रविवारी परदेशी कॉल करत राहतो, आणि बिल तुमच्या नावावर. अशा ऑफिसने आयएसडी एक्स्चेंजमध्येही अडवावं आणि कंपनीकडेही.

पिन, म्हणजे बाहेर कॉल करताना दाबायचा गुप्त आकडा, कोणासाठी? जिथे एक फोन अनेकजण वापरतात तिथे: रिसेप्शन, कॉन्फरन्स रूम, सिक्युरिटी केबिन. प्रत्येकाला स्वतंत्र पिन दिला तर कोणी किती कॉल केले हे रेकॉर्डमध्ये दिसतं. सगळ्यांना एकच पिन दिला तर तो लवकरच फोनशेजारी चिठ्ठीवर लिहिलेला सापडतो. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा पिन त्याच दिवशी काढा.

दहा-बारा एक्स्टेंशनच्या ऑफिसला मी सांगेन: आयएसडी कंपनीकडून बंद, बाकी ईपीएबीएक्सच्या वर्गांवर, आणि पिन फक्त सामाईक फोनला. ११२, १०८ आणि १०१ हे नंबर मात्र प्रत्येक फोनवरून, रात्रीच्या मोडमध्येही, पिनशिवाय लागलेच पाहिजेत. ते चालू यादीत सगळ्यात आधी भरा.

सेटिंग झाल्यावर कॉल फॉरवर्डिंगही तपासा. बंधन असलेलं एक्स्टेंशन बाहेरच्या नंबरवर फॉरवर्ड करा आणि दुसऱ्या टेबलवरून त्यावर फोन लावा. कॉल बाहेर गेला, तर त्या वर्गाची बाहेर फॉरवर्ड करण्याची मुभाही काढून टाका.