लासोटा लसीची 100 डोसची कुपी: लस चोख, घात नळाच्या पाण्याचा

मानमोडी, म्हणजे राणीखेत, खुराड्यात शिरली की हिरवी हगवण, घरघर आणि पिळवटलेली मान दिसेपर्यंत बरेच पक्षी हातचे गेलेले असतात. या रोगावर औषध नाही, जी काही भिस्त आहे ती लसीवर. गोराई, मढ किंवा आरेच्या पाड्यांवर पन्नास-साठ गावरान कोंबड्या पाळणाऱ्यांना लासोटाची 100 डोसची कुपीच सोयीची. 1000 डोसची कुपी डोसामागे स्वस्त पडते खरी, पण कालवलेली लस दीड-दोन तासांत संपवावी लागते. उरलेली फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या रविवारी देणं म्हणजे निव्वळ पाणी पाजणं.

कुपीत जिवंत विषाणू गोठवून वाळवलेला असतो. मुदत सगळेच वाचतात, पण खरी पारख लस कालवताना होते. द्रावण भरलेल्या सिरिंजची सुई बुचात टोचली की कुपी ते आपणहून ओढून घेते. ओढलं नाही तर आत हवा शिरलेली आहे, अशी कुपी सरळ बाद करा. साठवण 2 ते 8 अंशांवर. दुकानदार पिशवीत बर्फाचे दोन खडे टाकून देतो, ते मे महिन्यात दादरहून बोरिवलीपर्यंतसुद्धा टिकत नाहीत. थर्मास घेऊनच जा.

थोड्या पक्ष्यांसाठी डोळ्यात थेंब टाकणं सर्वांत खात्रीचं. 100 डोसाला 3 मिली द्रावण, म्हणजे थेंबाला 0.03 मिली. ड्रॉपर उभा धरा, तिरका झाला की थेंबाचं माप चुकतं. पक्ष्याने पापणी मिटून थेंब आत घेईपर्यंत त्याला सोडू नये.

पिण्याच्या पाण्यातून देणार असाल तर मुंबईत तिथेच लस वाया जाते. महापालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन हा जिवंत विषाणू मारून टाकतं. आधी लिटरला साधारण 5 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घालून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मगच लस मिसळा. महिनाभराच्या 100 पक्ष्यांना सुमारे 3 लिटर पाणी पुरतं. त्याआधी तास-दोन तास पक्षी तहानलेले ठेवा. भांडी प्लास्टिकची, साबण किंवा फिनेल न लागलेली. सगळे एकदम पिऊ शकतील इतकी भांडी हवीत, नाहीतर दांडगे कोंबडे दुप्पट पितात आणि कोपऱ्यातली पिल्लं कोरडी राहतात.

पिल्लाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी एफ स्ट्रेन ही राणीखेतचीच लस, अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास लासोटा आणि आठ-दहा आठवड्यांनी आरटूबी या तिसऱ्या लसीचं इंजेक्शन, असा क्रम रूढ आहे. लासोटानंतर दोन-चार दिवस शिंका येतात, त्याला घाबरू नये. पावसाळ्यात मात्र ओल्या भुशातून अमोनिया उठत असेल, तर याच शिंका वाढून श्वासाचं दुखणं होतं. आधी भुसा बदला, मग लस द्या.

गुण कमी करायचे तर एकाच गोष्टीसाठी. ही लस रोग आवरते, विषाणूचा शिरकाव पुरता थांबवत नाही. लस दिलेला पक्षी धडधाकट दिसूनही विष्ठेतून विषाणू बाहेर टाकू शकतो. म्हणून बाजारातून आणलेली कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवायचीच, आणि बाजाराचा पिंजरा खुराड्यात न्यायचा नाही. मानमोडी सुरू झाल्यावर धावत जाऊन लस आणली, तर आधीच लागण झालेले पक्षी वाचत नाहीत. प्रतिकारशक्ती यायलाच आठवडा-दोन आठवडे जातात.

बर्ड फ्लूशी या लसीचा काही संबंध नाही. 2006 मध्ये नवापूरला तो भारतात पहिल्यांदा आढळला. त्याची बाधा ठरली की आसपासच्या ठरावीक परिघातले पक्षी, लस दिलेले असोत वा नसोत, मारलेच जातात. तेव्हा एकाएकी पटापट मरतुक झाली, तर मेलेला पक्षी घरी न फाडता सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

रिकामी कुपी उकळून मगच कचऱ्यात टाका आणि हात साबणाने धुवा. लसीतला हा विषाणू माणसाचेही डोळे लाल करतो.

पाचपैकी चार.